शाळेसाठी छोटा निधी मागताना
वाचकांचे प्रश्न

निवृत्तीनंतर मी एका छोट्या ट्रस्टसाठी शाळांकडून येणारे अर्ज वाचते, असं या सदरात लिहिलं आणि पत्रांची रीघ लागली. बहुतेक पत्रं जिल्हा परिषदेच्या शाळांमधली आहेत. नाव छापू नका असं अनेकांनी कळवलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : ताई, आमची जव्हार तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी, पट ३८. मुलं घरी वारली बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना जड जाते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी ऐकायच्या आणि मुलांनीच त्यांची पुस्तकं करायची, असा उपक्रम गेल्या वर्षी थोडाफार केला. मुलं फार खुलली. तो नीट करावा म्हणून दोन ट्रस्टकडे अर्ज पाठवले. एकाने नकार कळवला, दुसऱ्याचं उत्तरच नाही. अर्जाची प्रत जोडली आहे. काय बदलू?
(एक शिक्षिका)

उत्तर : बाई, तुमचा उपक्रम इतका चांगला आहे की अर्ज वाचताना मला हळहळ वाटली. पहिलं वाक्य आहे, ‘आजच्या स्पर्धेच्या व माहिती तंत्रज्ञानाच्या युगात विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास होणे काळाची गरज आहे.’ मग शीर्षक, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, कार्यपद्धती, यशस्विता, परिशिष्टे. गोष्ट सांगणारी म्हातारी माणसं भेटतात थेट सहाव्या पानावर. हा साचा नवोपक्रम स्पर्धेच्या अहवालाचा आहे. आपण शिक्षक तो वर्षानुवर्षं लिहीत आलो, त्यामुळे हात आपोआप तिकडेच वळतो. पण तो अहवाल झालेल्या कामाचा असतो आणि निधीचा अर्ज व्हायच्या कामाचा. तुम्ही पैसे घेऊन सोमवारी सकाळी वर्गात काय करणार, हे वाचणाऱ्याला पहिल्या पाच ओळींत कळलं पाहिजे.

तुमच्याच पत्रातली माहिती घेऊन सुरुवात अशी करता येईल :

‘आमच्या शाळेत तिसरी ते पाचवीची २२ मुले आहेत. ऑगस्टमध्ये आम्ही प्रत्येकाला एक परिच्छेद वाचायला दिला, तेव्हा ९ मुलांना तो न अडखळता वाचता आला. मुलांची घरची भाषा वारली आहे. गावातील वडीलधाऱ्यांकडून १२ गोष्टी मुले ऐकतील, वारलीत लिहितील, शिक्षकांच्या मदतीने मराठीत आणतील व चित्रे काढून त्यांची द्विभाषिक पुस्तके करतील. प्रत्येक पुस्तकाच्या पाच प्रती निघतील : सांगणाऱ्याच्या घरी एक, शाळेत तीन, शेजारच्या शाळेला एक.’

बस. युग नको, काळाची गरज नको.

आता खर्चाचं पान. पाच टॅब, प्रोजेक्टर, स्पीकर, एकूण १ लाख ८५ हजार. आणि पुस्तकं छापायचा खर्च कुठेच नाही! समितीत बसलेला माणूस लगेच विचारतो : वीज गेली तर काय, टॅब बिघडला तर दुरुस्ती कोण करणार, सुट्टीत तो राहणार कुठे? दोनच शिक्षक असलेल्या शाळेला याची पटण्यासारखी उत्तरं देता येत नाहीत, मग अर्ज बाजूला पडतो. गोष्ट ऐकून घ्यायला तुमचा मोबाइल पुरेसा आहे. तुम्ही कळवलेल्या दरांनीच मी हिशेब मांडून पाहिला. १२ गोष्टी, प्रत्येकी १६ पानं, पाच-पाच प्रती, म्हणजे ९६० पानं. रंगीत छपाई पानामागे १० रुपये धरली तर ९,६०० रुपये. ६० प्रतींचं पुठ्ठा आणि बांधणीचं काम ३० रुपयांप्रमाणे १,८००. चित्रांचा कागद आणि रंग २,२००. छपाईसाठी तालुक्याला जाणंयेणं ६००. एकूण १४,२०० रुपये. एवढ्यात तुमचा उपक्रम पुरा होतो, आणि या पानावर कुणाला बोट ठेवायला जागा उरत नाही. रक्कम छोटी आहे म्हणून काम हलकं ठरत नाही. वाचणारे उलट खूश होतात, कारण या बाईंना आपलं काम नेमकं माहीत आहे हे त्यांना दिसतं.

‘१०० टक्के विद्यार्थी प्रगत होतील’ ही ओळ काढा. ऑगस्टमध्ये घेतलीत तशीच चाचणी मार्चमध्ये पुन्हा घेऊ आणि दोन्ही निकाल कळवू, एवढंच लिहा. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं ध्येय आहे. त्याचा एका वाक्यात उल्लेख करा, म्हणजे तुमच्या साहेबांनाही हे काम आपलं वाटेल.

खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती यांसाठी ट्रस्टकडे मागू नका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषांत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजारांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान आहे, त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो. अर्ज वाचणाऱ्यांना हे ठाऊक असतं. ‘हा खर्च अनुदानातून करतो, पुस्तकांच्या छपाईची त्यात सोय नाही’ असं स्पष्ट लिहिलंत की मागणी रास्त वाटते.

आणि एक माझी विनंती. मुलं वारली ऐकतील तशी देवनागरीत लिहितील. ते लेखन प्रमाण मराठीच्या नियमांनी सुधारायला जाऊ नका. गोष्ट सांगणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर छापा, त्याआधी त्यांना विचारा. आपल्या आजीचं नाव छापलेलं पुस्तक मूल पुन्हा पुन्हा उघडतं, आणि वाचन त्यातूनच येतं.

प्रश्न : एका क्लबने विज्ञानाच्या साहित्यासाठी आमच्या शाळेला १२ हजारांचा चेक देऊ केला आहे. सहकारी म्हणतात, सर, या भानगडीत पडू नका, उद्या ऑडिटला उत्तरं कोण देणार? घ्यावा की नको?
(एक मुख्याध्यापक, अंबाजोगाई तालुका)

उत्तर : घ्या सर, जरूर घ्या. सहकाऱ्यांची भीती खोटी नाही, पण त्रास होतो तो कागद नसल्यामुळे.

चेक येण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार ही समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे निर्णय तुमच्या एकट्याचा राहत नाही. ठरावात चार गोष्टी असू द्या : कोण देतंय, किती, कशासाठी, आणि खरेदी कोण करणार. कलम २२ प्रमाणे समितीने केलेल्या शाळा विकास आराखड्यात विज्ञान साहित्याची गरज नोंदलेली असेल तर तो संदर्भ ठरावातच द्या. नसेल तर त्याच सभेत आराखड्यात घ्या. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घेऊन ठेवा.

चेक समितीच्या नावे, तुमच्या नावे कधीच नको. ‘सर, तुमच्या नंबरवर टाकतो, लगेच होईल’ असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी मोबाइलवरून स्वतःच्या खात्यात पैसे घेऊ नका. समग्र शिक्षाच्या रकमेतही हे पैसे मिसळू नका. किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, त्याच दिवशी नोंद करा. दोन-तीन दुकानांची दरपत्रकं घ्या, बिल शाळेच्या नावे आणि तारखेसह घ्या. सूक्ष्मदर्शक, चुंबक, भिंगं यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत, तर तारा, सेल, लिटमस कागद यांसारख्या संपणाऱ्या सामानाची साठा नोंदवहीत. हे दोन गट एकत्र झाले की पुढच्या मुख्याध्यापकांना चार्ज देताना घोळ होतो, कारण वापरून संपलेले सेल कागदावर शिल्लक दिसत राहतात.

काम झालं की पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले असं सांगणारं एका पानाचं उपयोगिता प्रमाणपत्र द्या, मुख्याध्यापक आणि समिती अध्यक्ष दोघांच्या सहीचं. दोनशे रुपये उरले असतील तर तसं लिहा आणि त्यांचं काय करू ते क्लबलाच विचारा. त्या दोनशेच्या उल्लेखामुळे पुढच्या वर्षी दार उघडं राहतं.

फोटोंबद्दल माझं मत ठाम आहे. मुलं प्रयोग करतानाचे फोटो पालकांना विचारून पाठवा. मुलांच्या हातात ‘आभारी आहोत’चे फलक देऊन त्यांना उन्हात रांगेत उभं करू नका. साहित्य वापरणं हा मुलांचा हक्क आहे आणि देणाऱ्यांतल्या जाणत्या माणसांनाही हे पटतं.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. आमचं गाव चाकण एमआयडीसीला लागून आहे. कंपन्यांना दोन टक्के समाजासाठी द्यावेच लागतात असं ऐकतो, पण गेटवरून आत सोडत नाहीत. शाळेने हक्काने मागायचं कसं?
(एक पालक)

उत्तर : अध्यक्षसाहेब, तुम्ही ऐकलंय ते अर्धं बरोबर आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, अंमल १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात. शिक्षण त्या कामांच्या यादीत आहे. पण कोणत्या शाळेला द्यायचं ते कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं, त्यामुळे शाळेला हक्क सांगता येत नाही. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे, आणि ती भक्कम आहे. कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं त्याच कलमात म्हटलंय. पत्राच्या पहिल्याच ओळीत गावापासून कारखान्याचं अंतर लिहा.

गेटवर उभं राहण्याआधी कंपनीची वेबसाइट बघा. सीएसआरचं, म्हणजे या सामाजिक खर्चाचं, धोरण आणि मंजूर कामं तिथे जाहीर करावी लागतात. त्यांचा भर आरोग्यावर असेल तर शाळेच्या आरोग्य कोपऱ्यापासून बोलणं सुरू करा. तुमच्या पालकांपैकीच कुणीतरी त्या कारखान्यात कामाला असेल. पत्र त्यांच्या हातून एचआरकडे गेलं तर वाचलं जातं. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं आणि पुढच्या वर्षाची आखणी त्याआधी सुरू होते, म्हणून डिसेंबर-जानेवारी बरा. रोटरीसारख्या क्लबांचं वर्ष मात्र १ जुलैला सुरू होतं, त्यांच्याकडे मे-जूनमध्ये, नवे पदाधिकारी योजना आखत असताना जा.

रोख रकमेचा आग्रह धरू नका. २०२१ पासून कंपनीचं सीएसआर काम करून देणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी करावी लागते, शाळेच्या समितीला ते झेपणारं नाही. कंपनी स्वतः वस्तू घेऊन देऊ शकते किंवा काम करून देऊ शकते. मुख्याध्यापकांना केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर यू-डायस क्रमांकाने (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) शाळेची नोंद करायला सांगा. तिथे शाळा आपली गरज मांडते, देणारे तिथूनच संपर्क करतात.

हात धुण्याची जागा आणि पिण्याचं पाणी यांसाठी कंपनीकडे जाण्याआधी ग्रामपंचायतीत जा. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींना दिलेल्या निधीतला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून ठेवला होता. ग्रामपंचायत विकास आराखड्यात शाळेच्या नळांची ओळ घालून घ्यायची तर ग्रामसभेत बोलावं लागतं, आणि तिथे पालकांचा आवाज शिक्षकांपेक्षा जास्त चालतो.

प्रश्न : आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी अमेरिकेत असतो. ग्रंथालयासाठी पाचशे डॉलर थेट समितीच्या खात्यात पाठवतो म्हणतो. घेता येतील?
(एक शिक्षक, संगमेश्वर तालुका)

उत्तर : आधी त्यांचा पासपोर्ट कोणता ते विचारा. ते अजून भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील, तर परकीय योगदान नियमन कायदा, २०१० त्याला परदेशी देणगी मानत नाही. त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर, मूळचे आपल्याच गावचे असले तरी, कायद्याच्या लेखी ते परदेशी देणगीदार ठरतात. मग त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या समितीने ती रक्कम घ्यायची नाही. अशा वेळी नोंदणी असलेली, शाळांसोबत काम करणारी एखादी संस्था त्यांना शोधायला सांगा. त्यांची माया खरी आहे, पण खात्यावर चुकीची रक्कम आली तर निस्तरणं तुम्हाला भारी पडेल.

प्रश्न : सातवीतल्या एका मुलीने शेतातली पाखरं हाकलण्यासाठी वाऱ्यावर वाजणारं साधन केलंय. तिला शाळेमार्फत काही मदत मिळेल का?
(एक विज्ञान शिक्षिका, तुळजापूर तालुका)

उत्तर : मिळू शकेल. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर-मानक योजनेत सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना शाळेने ऑनलाइन पाठवायच्या असतात. निवड झाली तर नमुना तयार करायला १० हजार रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात येतात. कल्पना मुलीच्याच शब्दांत लिहा. तुम्ही सजवून लिहिलेली वैज्ञानिक भाषा लगेच ओळखू येते आणि तिचं नुकसान करते. वारा पडला तर काय करायचं, हे तिने विचारात घेतलंय का, तेही तिलाच विचारा आणि तिचं उत्तर अर्जात घाला. तिचं खाते पुस्तक आजच तपासा : आधारवरचं, शाळेच्या रजिस्टरमधलं आणि बँकेतलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, आणि खातं चालू असलं पाहिजे. शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं वापराविना बंद पडलेलं असतं, हे बहुतेकदा पैसे यायच्या वेळीच कळतं.