नाव कुणाचं, लिहायचं कुठे? मुक्त सॉफ्टवेअरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी आणि माझ्या मैत्रिणीने मिळून एका मुक्त प्रकल्पातला मराठी तारखांचा दोष दुरुस्त केला. दुरुस्ती स्वीकारली गेली, पण गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात एकट्या माझंच नाव आहे. तिचं कसं लावायचं?

उत्तर : गिटच्या प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे जतन केलेल्या बदलात, लेखक आणि कमिटर (तो बदल जतन करणारा) अशा दोन जागा असतात. लेखकाच्या जागी एकच नाव बसतं. दुसरं नाव कमिटसोबत लिहिलेल्या संदेशाच्या तळाशी द्यायचं : एक ओळ मोकळी सोडून ‘को-ऑथर्ड-बाय’ (रोमन लिपीत, जोडरेघांसह), कोलन, तिचं नाव आणि कोनी कंसात ईमेल. सहलेखक तिघं असतील तर ओळी तीन, पण त्यांच्यामध्ये मोकळी ओळ नको. अशा ओळी गिट फक्त शेवटच्या परिच्छेदात शोधतं, त्यामुळे मध्ये मोकळी ओळ आली की वरची नावं गळतात. प्रकल्प गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर असेल तर ईमेल तिच्या तिथल्या खात्यात नोंदवलेलाच हवा, नाहीतर ती कमिट तिच्या खात्याशी जोडली जात नाही.

तुमची कमिट मुख्य शाखेत, म्हणजे सगळे वापरतात त्या मूळ प्रतीत, गेली आहे, तेव्हा आता ती बदलायला सांगू नका. संदेशातलं एक अक्षर बदललं तरी तिचा हॅश (आतल्या मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक) बदलतो, तिच्यानंतरच्या सगळ्यांचाही, आणि ज्यांनी आधी प्रत उतरवली त्यांचा इतिहास जुळेनासा होतो. त्यापेक्षा श्रेययादीत किंवा बदलांच्या नोंदीत तिचं नाव घालणारी नवी कमिट पाठवा, पुढची आवृत्ती निघायच्या आत. ‘डॉट मेलमॅप’ फाइल इथे कामाची नाही. ती जुना ईमेल किंवा चुकलेलं नाव सुधारते, लेखक वाढवत नाही. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळही श्रेयाची नव्हे. हे काम देण्याचा हक्क मला आहे, अशी ती हमी असते. लिनक्स कर्नल (संगणक प्रणालीचा गाभा) या प्रकल्पाने ती २००४ मध्ये सुरू केली.

प्रकल्प सांभाळणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. दुसऱ्याचा बदल हाताने चिकटवून स्वतः कमिट करू नका. मूळ लेखक तिथेच पुसला जातो. ‘गिट एएम’ आणि ‘चेरी-पिक’ या गिटच्या आज्ञा लेखक जपतात.

प्रश्न : लिनक्स म्हणावं की ग्नू/लिनक्स?

उत्तर : मुक्त संगणक प्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केला, लिनस टोरवाल्ड्स यांचं कर्नल १९९१ चं. डेबियनसारख्या वितरणात (कर्नल आणि बाकी सॉफ्टवेअर एकत्र बांधलेल्या संचात) सी लायब्ररी (प्रोग्रॅमना लागणारा सामायिक कोड), बॅश (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) आणि रोजच्या आज्ञा ग्नूच्या आहेत, तिथे जोडनाव रास्तच आहे. अल्पाइन या वितरणात त्यांच्या जागी मसल ही सी लायब्ररी आणि बिझीबॉक्स हा आज्ञांचा संच असतो, म्हणून तिथे ते शोभत नाही. लिहिताना वितरणाचं स्वतःचं नाव वापरलेलं बरं.

प्रश्न : ओपन फॉन्ट लायसन्स या मुक्त परवान्याचा एक देवनागरी फॉन्ट घेऊन मी काही जोडाक्षरं बदलली. मूळ नाव तसंच ठेवलं तर कलाकाराला श्रेय मिळेल ना?

उत्तर : इथे उलट आहे. परवान्याच्या फाइलची पहिली ओळ वाचा. कॉपीराइटपुढे ‘रिझर्व्ह्ड फॉन्ट नेम’ म्हणून एखादं नाव राखून ठेवलं असेल, तर लेखी परवानगीशिवाय बदललेल्या फॉन्टला ते देता येत नाही. तुमच्या जोडाक्षरातली चूक मूळ कलाकाराच्या माथी येऊ नये, हा हेतू. राखीव नाव नसलं तरी नवं नाव द्याच. एकाच नावाचे दोन फॉन्ट एका संगणकावर भांडतात.

नुसतं फाइलचं नाव बदलून भागत नाही, कारण मेनूत दिसणारं नाव फॉन्टच्या आत असतं. फॉन्टफोर्ज या फॉन्ट संपादित करण्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘एलिमेंट’ मेनूतून ‘फॉन्ट इन्फो’ उघडा आणि कुटुंबनाव, पूर्ण नाव, पोस्टस्क्रिप्ट नाव (फॉन्टचं आतलं तांत्रिक नाव) ही तिन्ही बदला. पोस्टस्क्रिप्ट नावात मोकळी जागा चालत नाही. मग ‘टीटीएफ नेम्स’ पानावर जुनं नाव कुठे उरलंय का तेही पाहा. श्रेयाची जागा कॉपीराइटच्या रकान्यात : मूळ ओळ जशीच्या तशी, तिच्याखाली तुमची. फॉन्टसोबत परवान्याची फाइलही द्या.