आत्मा, जीव आणि ‘तयार केलेली’ माणसं

कोल्हापुरातल्याच एका कॉलेजातल्या मुलीचा प्रश्न आलाय. वक्तृत्व स्पर्धेला तिला विषय मिळालाय, ‘प्रजनन तंत्रज्ञानाने तयार केलेल्या मानवाला आत्मा असेल का?’ आणि ती विचारतेय की इथं आत्मा बरोबर आहे, का जीव म्हणावं, का प्राण, तिन्हीचा अर्थ एकच ना?

एकच नाही. आणि मला विचारशील तर या वाक्यात आत्म्यापेक्षा जास्त घोळ ‘तयार केलेल्या’ या शब्दानं घातलाय.

आत्मा हा शब्द आपण बोलताना कधी वापरतो ते आठवून बघ. कोण गेलं की मृतात्म्यास शांती लाभो. तांबडा-पांढरा रस्सा मनासारखा जमला की आत्मा तृप्त झाला. नाहीतर मग कीर्तन-प्रवचनात. जन्माच्या वेळी घरात हा शब्द कोण काढत नाही, तिथं सगळा कारभार जीव या शब्दाकडं आहे. गरोदर बाई दोन जिवांची असते. सातव्या महिन्यात झालेलं बाळ काचेच्या पेटीत ठेवतात तेव्हा आजीच्या तोंडून येतं, एवढासा जीव गं. जनावरावर कुणी काठी उगारली तर आपण म्हणतो, त्याला बी जीव हाय की. आपल्या जिल्ह्यात दुधाचा धंदा एवढा मोठा, गावोगाव गाई-म्हशी कृत्रिम रेतनानं गाभण राहतात, ते वीर्य उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमधनं आलेलं असतं, पण झालेल्या रेडकात जीव आहे का नाही असं आजवर एका शेतकऱ्यानं विचारलेलं मी ऐकलं नाही.

प्राण अजून वेगळा. तो मराठीत बहुतेक जातानाच दिसतो, प्राण गेला, प्राण सोडला, प्राण कंठाशी आले. येताना ठळक दिसतो तो प्राणप्रतिष्ठेत, आणि ती मूर्तीची असते. शाहूपुरीत नाहीतर गंगावेशीत कुंभार गणपती घडवतो, रंगवतो, डोळे रेखतो, मग मूर्ती घरी येते, मंत्र म्हणून प्राणप्रतिष्ठा होते आणि मग आपण त्याला देव म्हणतो. म्हणजे वस्तू आधी आणि प्राण नंतर, बाहेरून. तुझ्या विषयाच्या वाक्यात नेमकं हेच चित्र लपलंय, लॅबमध्ये कुणीतरी माणूस घडवून ठेवलाय आणि आता त्यात आत्मा कोण घालणार. असं प्रत्यक्षात काही होतच नाही.

आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर बीज फलित करायच्या पद्धतीत, स्त्रीबीज आणि शुक्रजंतू काचेच्या बशीत एकत्र आणतात, टेस्ट ट्यूब फक्त नावाला. पुढं पेशी आपल्या आपणच विभागत जातात, साधारण तीन ते पाच दिवसांनी तो भ्रूण गर्भाशयात सोडतात आणि तिथनं पुढं रुजणं, वाढणं सगळं आईच्या पोटात, चारचौघींसारखं. डॉक्टर गाठ घालून देतो, जपतो, पण वाढवत काही तो नाही. आता आपली क्रियापदं बघ. दिवस गेले, गर्भ राहिला, मूल झालं, यात करणारा कोणीच नाही, आई सुद्धा नाही. इतक्या पिढ्या मुलाबद्दल असं बोललेल्या भाषेत ‘तयार केलेला मानव’ म्हणायचं म्हणजे त्या मुलाला सरळ वस्तूंच्या रांगेत नेऊन बसवायचं.

मला हे एवढं लागतं कारण आपल्याकडं अजून ‘नळीचं पोर’ असं कुजबुजतात, आणि ते त्या आईला ऐकू जातं.

बाकी ही माणसं काही कल्पनेतली नव्हेत. जगातलं पहिलं आयव्हीएफचं बाळ, लुईझ ब्राउन, २५ जुलै १९७८ ला इंग्लंडात ओल्डहॅमला जन्मली, पुढं नैसर्गिकरीत्या स्वतः आई झाली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातनं भारतातलं असं पहिलं बाळ, दुर्गा, जन्मली, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, चौकशी लावली, आणि १९८१ साली त्यांनी आयुष्य संपवलं. मग ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत केईएम हॉस्पिटलात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा जन्मली. भाषणात मुखोपाध्यायांचं नाव नक्की घे.

आता जुन्या ग्रंथांकडं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची व्याख्याच आहे, ‘शुक्रशोणितजीवसंयोगे तु खलु कुक्षिगते गर्भसंज्ञा भवति’, म्हणजे शुक्र (पुरुषाचं बीज), शोणित (स्त्रीचं बीज) आणि जीव यांचा संयोग कुशीत असला की त्याला गर्भ हे नाव. इथं दोन गोष्टी धर. एक तर चरकानंही शब्द जीव घेतलाय. आणि दुसरं, कुक्षिगते. बशीत असताना भ्रूण आणि पोटात रुजल्यावर गर्भ, असा फरक आज करायचा म्हटला तर त्याला चरकाचा आधार आहे, आणि उपचार घेणाऱ्या बायका पण तसंच बोलतात, भ्रूण पोटात सोडला, ट्रान्सफर झाला, एवढ्यावर कोणी ‘राहिलं’ म्हणत नाही, पुढं रक्ताची टेस्ट होईपर्यंत थांबतात.

आपल्या भागात जैन समाज मोठा, म्हणून त्यांच्या तत्त्वार्थसूत्र या ग्रंथाचंही सांगतो. त्यात जन्माचे तीन प्रकार दिलेत, संमूर्च्छन (आईबापाशिवाय आपोआप होणारा), गर्भ आणि उपपात (देव-नारकींचा, एकदम होणारा). यातले दोन तर आईच्या गर्भाशिवायचे, तरी तिन्हीकडं जीव आहेच. आणि जीवाचं लक्षण सांगितलंय ‘उपयोग’, पण हा उपयोग म्हणजे वापर नव्हे हं, जाणण्याची शक्ती. गीता तर म्हणते ‘न जायते म्रियते वा कदाचित्’, आत्मा जन्मतच नाही, मग जन्म कुठल्या पद्धतीनं झाला यानं त्याला काय फरक पडणार? बौद्ध विचारात कायम टिकणारा आत्मा कुणालाच नाही, तेव्हा तिथंही आयव्हीएफचं बाळ वेगळं पडत नाही. व्हॅटिकननं १९८७ साली आयव्हीएफला विरोध करणारं पत्रक काढलं, पण जन्मलेलं मूल ही देवाची देणगी मानून स्वीकारावं असं त्यातच सांगितलंय. पद्धतीला नको म्हणणाऱ्यांनी सुद्धा मुलाला नको म्हटलेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

क्लोनचं, म्हणजे एकाच जिवाच्या पेशीतनं जन्मलेल्या, त्याच्याच डीएनएच्या दुसऱ्या जिवाचं काय, असं परीक्षक विचारतीलच. माणसाचा क्लोन आजवर सिद्ध झालेला नाही, क्लोन केलेली डॉली मेंढी झाली १९९६ साली, तीही २७७ बीजांवर प्रयोग करून एक. इथं मात्र आत्मा शब्द कामाला येतो, पण त्याच्या दुसऱ्या अर्थानं, आत्मकथा, आत्मविश्वास यातला आत्म म्हणजे स्वतः. क्लोनला स्वतःपण असेल का, का तो दुसऱ्याचीच सावली, ही लोकांच्या मनातली खरी भीती असते. त्याला उत्तर आपल्या आजूबाजूला शाळेत जातंय. एकसारखी जुळी भावंडं एकाच फलित बीजातनं होतात, दोघांचा डीएनए जवळपास तोच, तरी एकाला गणित येतं, दुसरा तालमीत रमतो, आणि दोघांत मिळून आत्मा एकच असं त्यांची आई कधी म्हणणार नाही.

तर विषय असा लिहून घे, ‘प्रजनन तंत्रज्ञानाच्या मदतीनं जन्मलेली माणसं आणि आत्म्याची कल्पना’. आयोजक शब्द बदलू देत नसतील तर पहिल्या मिनिटातच ‘तयार केलेल्या’वर आक्षेप घे, वेळ त्यातच घालव, चालतंय. जन्म, वाढ, गर्भ याबद्दल बोलताना जीव म्हण, तत्त्वज्ञान आणि स्वतःपण आलं की आत्मा, प्राण टाळलास तरी काही अडत नाही. आणि क्लोनला प्रतिकृती म्हणू नकोस, प्रतिकृती रायगडाची असते. सरळ क्लोनच म्हण.