जिन म्हणजे भूतच का?

प्रश्न : जिन म्हणजे मेलेल्या माणसाचं भूतच ना, आणि सगळेच वाईट असतात का?

उत्तर : नाही हो, भुताशी काही संबंध नाही. कुराणानुसार माणूस मातीचा आणि जिन बिनधुराच्या आगीचे, म्हणजे वेगळी जमातच, त्यांच्यातही चांगले-वाईट दोन्ही, ७२वी सूरा (अध्याय) तर त्यांच्याच नावाची आहे आणि तिच्यात काही जिन कुराण ऐकून ईमान आणतात, म्हणजे श्रद्धा ठेवतात. इब्लिस, म्हणजे सैतान, तोही जिनांपैकीच. मला भारी वाटतो तो प्रेषित आणि राजा सुलेमानचा किस्सा, जिन त्याच्यासाठी राबतायत, तो काठीला टेकलेला असतानाच वारला तरी यांना पत्ताच नाही, वाळवीने काठी पोखरली आणि तो कोसळला तेव्हा कळलं! म्हणजे जिनांना गुप्त गोष्टी कळतात हे कुराणच खोडून काढतं. दिव्यातून निघून इच्छा पुरवणारा जिन मात्र निव्वळ लोककथेतला.