अधूनमधून डॅमेज होणारी ऑब्जेक्ट्स: आधी कॅश बॅटरी बघा, रिक्लेम स्टोरेज नंतर

तुम्ही लिहिलंय: आयबीएमचा पॉवर ५ प्रोसेसरवरचा ५२० सर्व्हर (एएस/४०० घराण्यातला), ऑपरेटिंग सिस्टीम व्ही५आर४, दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत आणि मग अचानक वेगळ्याच लायब्ररीतली (म्हणजे ऑब्जेक्ट्स, फाईली-प्रोग्राम वगैरे, ठेवायच्या कप्प्यातली) फाईल डॅमेज्ड. तुमचं हे दुखणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. दर वेळी नवीन बिघाड होतोय असं तुम्ही धरून चाललाय, पण बहुतेक तसं नाही. मोडतोड एकदाच झालेली असते, सापडते मात्र हप्त्याहप्त्याने. डिस्कवरच्या खराब पानाला हात लागेपर्यंत सिस्टीमला पत्ताच नसतो. म्हणून महिनाअखेरची फाईल महिनाअखेरीलाच रडते.

आधी तारीख शोधा. सिस्टीमचा इतिहास दाखवणाऱ्या डीएसपीलॉग कमांडला मेसेज आयडी सीपीएफ८१०० द्या (डॅमेजचे मेसेज या मालिकेत येतात). शेवटी दोन शून्य असली की ८१ ची सगळी मालिका येते. पहिला मेसेज कधीचा ते बघा आणि त्याच्या आधीच्या दिवसांचा प्रॉडक्ट अ‍ॅक्टिव्हिटी लॉग (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) एसएसटीतून, म्हणजे सिस्टीम सर्व्हिस टूल्समधून, काढा. तिथे ८००८ किंवा ८००९ हा एरर कोड दिसला तर रेड कार्डाची (डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरची) कॅश बॅटरी गेलेली आहे किंवा जायच्या वाटेवर आहे. ९०१० किंवा ९०५० असेल तर कॅशमधला डेटा हरवलाय. डिस्क युनिट वाचतानाच्या चुका असतील तर गोष्ट वेगळी, ती डिस्क बदला.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात महागात पडतं ते हेच. डिस्कवर अजून न उतरलेला डेटा कॅशमध्ये, म्हणजे कार्डावरच्या तात्पुरत्या मेमरीत, या बॅटरीच्या जिवावर असतो. एसएसटीतल्याच हार्डवेअर सर्व्हिस मॅनेजरमध्ये कॅश बॅटरी असलेल्या रिसोर्सेसची यादी उघडा, पर्याय ५ ने माहिती बघा. एररला किती दिवस उरलेत तो आकडा तिथे असतो. बदलायच्या आधी पर्याय ६ ने बॅटरी एरर स्थितीत ढकलायची, म्हणजे कॅश रिकामी होते. 'बदलायला सुरक्षित' समोर 'हो' आल्याशिवाय हात लावायचा नाही. नवीन बसवली की पर्याय ७ ने कॅश पुन्हा सुरू करायची. हे शेवटचं विसरलात तर मशीन रांगतं आणि लोक मेमरी वाढवायच्या गप्पा मारतात.

आमच्याकडच्या देखभाल कंत्राटदाराने (नाव घेत नाही) बॅटरी सरळ ओढून काढली. मग कॅश रिक्लेम करताना 'अज्ञात डेटा लॉस चालेल का' याला बिनधास्त 'हो' केलं. वर रिक्लेम स्टोरेज (डिस्कवरच्या ऑब्जेक्ट्सची झाडाझडती घेणारी कमांड) चालवून पुरावाही पुसला. फोन केला की उत्तर एकच: "रिक्लेम पुन्हा चालवा." अहो, त्याला रिस्ट्रिक्टेड स्टेट लागते (म्हणजे बाकी सगळं काम बंद), तासन्‌तास जातात, आणि फाईलमधला गेलेला डेटा तो परत आणत नाही. लायब्ररीशी नातं तुटलेल्या गोष्टी क्यूआरसीएल नावाच्या लायब्ररीत नेऊन टाकतो, काही थेट काढून टाकतो. माझ्या मते तो शेवटचा उपाय. तोही पूर्ण बॅकअपनंतर आणि डॅमेज्ड ऑब्जेक्ट्सची यादी लिहून ठेवल्यावर.

आता काय कराल? सगळ्या लायब्रऱ्यांचा पूर्ण सेव्ह घ्या, फक्त बदललेल्यांचा नको. पूर्ण सेव्ह प्रत्येक पान वाचतो, त्यामुळे लपलेली खराब ऑब्जेक्ट्सही बाहेर पडतात. त्या सेव्हच्या जॉब लॉगमध्ये सीपीएफ३७७१ शोधा. त्याचा अर्थ: काही ऑब्जेक्ट्स सेव्ह झाली, काही राहिली. रात्रीच्या बॅकअपच्या सीएल प्रोग्रामात (कमांड्सच्या स्क्रिप्टमध्ये) कुणी मॉनमेसेज सीपीएफ००००, म्हणजे कुठलाही सीपीएफ एरर आला तरी पुढे जा, असं टाकून ठेवलं असेल तर हा मेसेज गिळला जातो आणि टेपवर काय नाही ते कुणालाच कळत नाही. तो आधी काढा.

लॉजिकल फाईल (स्वतःचा डेटा नसलेली, नुसती इंडेक्स किंवा व्ह्यू) असेल तर डिलीट करून पुन्हा बनवा, संपलं. फिजिकल फाईल (जिच्यात खरा डेटा असतो ती) अर्धवट खराब असेल तर सीपीवायएफ या कॉपीच्या कमांडला रेकॉर्ड क्रमांकांच्या मर्यादा देऊन खराब भागाच्या अलीकडचं-पलीकडचं वेगळ्या फाईलमध्ये काढून घ्या. बाकीचं बिघाडाच्या तारखेआधीच्या सेव्हवरून रिस्टोअर करा, जर्नल (फाईलमधल्या बदलांची नोंद) असेल तर त्यावरून बदल चढवा. कालचा बॅकअप 'चांगला' म्हणून वापरू नका. काही पानं वाचता येतात पण मजकूर जुनाच असतो, ते एकूण बेरजा ताळ्यावर लावल्याशिवाय कळत नाही.

मेन्यूचे क्रमांक आवृत्तीप्रमाणे थोडे पुढेमागे असतील, आणि मी तुमचं मशीन पाहिलेलं नाही, हे ध्यानात ठेवा. क्यूएबनॉर्मएसडब्ल्यू ही सिस्टीम व्हॅल्यू १ दाखवतेय का (म्हणजे मशीन मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं), आणि यूपीएसची सिग्नल केबल मशीनला खरंच लावलीय का, तेवढं कळवा. बऱ्याच ठिकाणी ती खोक्यातच पडलेली असते.