वाचकांचे प्रश्न : आयातशुल्क वाढले, मग सोयाबीन का पडले?

प्रश्न : सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढवले, तेव्हा सोयाबीनला चांगला भाव येणार असे सगळीकडे सांगितले जात होते. प्रत्यक्षात त्या हंगामात माल हमीभावाच्या खालीच विकावा लागला. शुल्कवाढीचा फायदा गेला कुठे?
– एक सोयाबीन उत्पादक, औसा (जि. लातूर)

उत्तर : शुल्कवाढ लहान नव्हती. कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरील एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर आणि शुद्ध केलेल्या तेलावरील १३.७५ वरून ३५.७५ टक्क्यांवर गेले. त्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारातही भाव त्याच्या बराच खाली राहिला, ही आपली तक्रार खरीच आहे. मात्र शुल्क लावले गेले ते तेलावर, आणि आपण बाजारात नेतो ते तेल नव्हे.

एक क्विंटल सोयाबीन गाळले की सुमारे १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड, म्हणजे बाजारात जिला डीओसी म्हणतात ती, हाती येते. मिलवाला भाव ठरवतो तो या दोहोंचे मिळून काय येईल ते पाहून. उदाहरणापुरते धरू की आयात होणारे कच्चे तेल शुल्काआधी किलोला ९० रुपयांनी पडते. शुल्कात २२ टक्क्यांची भर पडली म्हणजे किलोमागे सुमारे २० रुपये वाढले आणि १८ किलोंवर साधारण ३५६ रुपये. ही सगळी रक्कम मिलवाल्याने शेतकऱ्याच्या पदरात घातली असे मानले, तरी त्याच वेळी पेंड किलोमागे पाच रुपयांनी उतरली की ४०० रुपये जातात आणि हिशेब उणे होतो.

त्या हंगामात पेंडेचे असेच झाले. आपली पेंड जनुकीय बदल न केलेल्या बियाण्याची असल्यामुळे काही ग्राहक तिला जादा दर देतात हे खरे. पण ब्राझील आणि अर्जेंटिनात अमाप पीक असताना एरवीच्या बाजारात तिचा दर टिकत नाही. देशातही मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा चोथा, ज्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात, कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागला आणि पेंडेची मागणी त्याने खाल्ली. या घडामोडीवर तेलाच्या आयातशुल्काचा काडीचाही परिणाम होत नाही. शिवाय सार्क देशांमधील करारामुळे नेपाळमधून शुद्ध तेल शुल्काविना येते. नेपाळमध्ये सोयाबीनचे पीक नावापुरते, तरी परदेशातून कच्चे तेल आणून, शुद्ध करून ते भारतात पाठवण्याचा व्यवसाय या शुल्कवाढीनंतर तेथे भरभराटीला आला.

पुढे ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरील शुल्क १६.५ टक्क्यांवर आणले गेले आणि शुद्ध तेलाचे तसेच ठेवले गेले. दोहोंतील अंतर ८.२५ वरून १९.२५ टक्क्यांवर गेल्याने देशातल्या तेल शुद्धीकरण कारखान्यांना काम मिळाले. शेतकऱ्याला मात्र त्याचा थेट उपयोग नाही. आमच्या मते खरे दुखणे शुल्क किती आहे यापेक्षा ते कधी बदलेल याचा नेम नसणे हे आहे. २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले, तेव्हा कुक्कुटपालकांच्या मागणीवरून ऑगस्टमध्ये १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या पेंडेच्या आयातीस परवानगी देण्यात आली होती. त्या वेळी भाव पाहून पेरणी केलेल्याला हा निर्णय पेरणीनंतर कळला.

प्रश्न : कांद्यावर निर्यातशुल्क लावले, तर ते परदेशातला घेणारा भरतो ना? मग आमच्या लिलावात भाव का पडतो?
– एक कांदा उत्पादक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : शुल्क भरतो तो निर्यातदार, आणि ते कोणावर ढकलायचे हे त्याच्या इच्छेवर नसते. घेणाऱ्याला पाकिस्तान किंवा इजिप्तचा कांदा उपलब्ध असेल, तर तो भारतीय कांद्यासाठी जादा पैसे मोजणार नाही. अशा वेळी निर्यातदार तो भार लिलावात बोली कमी लावून वसूल करतो. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के शुल्क जाहीर झाले आणि दोनच दिवसांत नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद ठेवले गेले, ते याच गणितामुळे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदीच आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली तेव्हा टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि वर ४० टक्के शुल्क होते. म्हणजे वाहतूक धरण्याआधीच टनाला ७७० डॉलर. हे शुल्क पुढे २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्णपणे गेले. शहरी ग्राहकाला काही काळ स्वस्त कांदा मिळाला हे नाकारता येत नाही, पण त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून नव्हे, तर शेतकऱ्याच्या चाळीतून निघाला.

प्रश्न : मग सोयाबीन तेलावर सरकारने सरळ १०० टक्के शुल्क का लावू नये?
– एक वाचक, वाशीम

उत्तर : कारण तसे लावता येत नाही. जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक सदस्य देशाने वस्तुनिहाय कमाल दर कबूल केलेले असतात. भारताने पाम तेलासाठी ३०० टक्क्यांची मर्यादा राखली, सोयाबीन तेलासाठी मात्र ४५ टक्केच. पाम तेलावर भरमसाट शुल्क लावून त्यातून वाट काढू असे कोणी म्हणेल, तर आयातदार दुसऱ्याच दिवशी सोयाबीन तेलाकडे वळतील आणि पाम तेलाची ती मोठी मर्यादा कागदावरच राहील. तेव्हा आज १६.५ टक्क्यांवर असलेल्या शुल्कापासून ४५ पर्यंत जेवढे अंतर आहे, तेवढीच सरकारला मोकळीक आहे. आणि ती वापरली, तरी पहिल्या उत्तरातील पेंडेचा हिशेब तसाच उभा राहतो.