नव्या प्रोग्रामिंग भाषेत युनिकोडसाठी कॅरॅक्टर १६ बिटांचा ठेवावा की ३२ बिटांचा?

तुम्ही स्वतःची छोटी भाषा लिहिताय, म्हणून बिटांच्या आधी एक विचारतो: 'कॅरॅक्टर' म्हणजे तुम्हाला नेमकं काय हवंय?

'क्षि' घ्या. वाचणाऱ्याला ते एक अक्षर दिसतं. युनिकोडच्या हिशेबात ते चार कोड पॉइंट, म्हणजे क्रमांक दिलेली चार चिन्हं, आहेत: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कोड पॉइंट बाइटांत लिहायच्या एका पद्धतीत, साठवलं तर १२ बाइट. ३२ बिट दिलेत तरी त्यात एक कोड पॉइंट मावेल, अक्षर मावणार नाही. 'मराठी' हा शब्द कोड पॉइंट मोजत उलटा करून बघा, सुरुवातीलाच दीर्घ वेलांटी एकटी लटकलेली दिसेल.

१६ बिटांचा विचार सोडाच. सगळ्या लिपी १६ बिटांत बसतील असं सुरुवातीला वाटत होतं आणि जावा, जावास्क्रिप्ट त्याच भरवशावर उभ्या राहिल्या. १९९६ मध्ये युनिकोड २.० बरोबर सरोगेट जोड्या आल्या, म्हणजे १६ बिटांत न मावणारा कोड पॉइंट १६ बिटांच्या दोन तुकड्यांत लिहायची सोय. आज कोड पॉइंटच्या ११,१४,११२ जागा आहेत आणि जावास्क्रिप्टमध्ये साध्या हसऱ्या इमोजीची लांबी अजूनही २ येते. आता ते बदलायचं तर जगभरचा जुना कोड मोडेल.

मी तुमच्या जागी असतो तर स्ट्रिंग (सलग मजकूर) हाच मूळ प्रकार ठेवला असता, आत वैध यूटीएफ-८, आणि आकडा देऊन मधलंच 'अक्षर' काढायची सोय दिलीच नसती. रस्ट या भाषेने हेच केलंय. नुसतं 'लांबी' नावाचं फंक्शनही नको. बाइट किती, कोड पॉइंट किती, अक्षरं किती, अशी तीन वेगळी नावं द्या. हे मी पोळून शिकलोय. एका कामात नावाच्या रकान्याची मर्यादा ३२ होती. आम्ही ती अक्षरांची समजलो, होती बाइटची. देवनागरीचा नेहमीच्या वापरातला प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइटांचा, त्यामुळे दहा कोड पॉइंट पूर्ण बसायचे आणि अकरावा मधोमध कापला जायचा. लोकांची नावं बिघडलेली बघून फार वाईट वाटलं.

मग स्विफ्ट भाषेसारखं ग्राफिम क्लस्टरलाच, म्हणजे वाचणाऱ्याला एक अक्षर दिसणाऱ्या कोड पॉइंटांच्या गटालाच, कॅरॅक्टर का म्हणू नये? वाचकाच्या दृष्टीने तेच सगळ्यात जवळचं आहे आणि मलाही ते आवडतं. पण ते नियम बदलतात. २०२३ च्या युनिकोड १५.१ आधी 'क्षि' चे 'क्' आणि 'षि' असे दोन तुकडे मोजले जायचे, त्यानंतर एक. म्हणजे तीच स्ट्रिंग, तोच प्रोग्राम, फक्त लायब्ररी नवी झाली आणि उत्तर बदललं. म्हणून हे भाषेच्या गाभ्यात न ठेवता प्रमाण लायब्ररीत ठेवा, आणि युनिकोडची कोणती आवृत्ती वापरताय ते प्रोग्रामला विचारता येऊ द्या.

तुलनेचंही आताच ठरवून टाका. 'तऱ्हा' मधला ऱ हा एक कोड पॉइंट म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि खालचा नुक्ता (टिंब) असे दोन मिळूनही. पडद्यावर फरक दिसत नाही, बाइट मात्र वेगळे, आणि शोधणाऱ्याला शब्द सापडत नाही. युनिकोड दोन्ही रूपं समान मानतं. बरोबरीचं चिन्ह बाइटच तपासू दे, पण नॉर्मलायझेशन करून, म्हणजे अशी समान रूपं आधी एकाच रूपात आणून, तुलना करणारं फंक्शन पहिल्या आवृत्तीपासून द्या.