वाचकांचे प्रश्न : पाणपक्षी मोजताना आणि कॅमेरे लावताना

प्रश्न : नांदूर मध्यमेश्वरला (नाशिक जिल्ह्यातले पक्षी अभयारण्य) आम्ही मित्र दर जानेवारीत पक्षी मोजतो. यंदा वारकरी (कूट) पक्षी आणि तलवार बदके गेल्या वर्षीच्या निम्मीही भरली नाहीत. पक्षी खरेच घटले का?

उत्तर : एवढ्यावरून सांगता येत नाही. आधी पाणी बघा. गोदावरी-कादवा संगमावरच्या या बंधाऱ्यातून कालव्यांना आवर्तन सुटले की पातळी उतरते, गाळाची बेटे उघडी पडतात. मग चिखलात चरणारे तुतवार वाढतात. बदके मात्र खोल पाण्याकडे किंवा दुसऱ्याच जलाशयावर सरकतात. म्हणून दर गणनेला पातळी लिहायची, तीही एकाच ठरलेल्या खुणेवरून.

किती जणांनी, कुठून, किती वेळ मोजले हे तुमच्या पत्रात नाही. बहुतेकांच्या वह्यांतही नेमके हेच नसते. तिघांनी चार तास आणि दोघांनी दीड तास मोजलेले आकडे शेजारी मांडून काही हाती लागत नाही.

चापडगाव, खानगाव थडी अशा जागा कायमच्या ठरवा आणि सगळीकडे एकाच सकाळी, एकाच वेळी मोजा. नाहीतर इथून उठलेला थवा तिथे पुन्हा मोजला जातो. निफाडकडचे धुके विरल्यावर, सूर्य पाठीशी ठेवून सुरू करा. मोठ्या थव्यात आधी वीस पक्षी एकेक मोजून तेवढा ठोकळा डोळ्यांत बसवा आणि असे किती ठोकळे बसतात ते पाहा. सरावासाठी ताटात मूठभर मूग पसरा, पाच सेकंदांत आकडा बोला, मग दाणे मोजा. बहुतेक जण कमीच सांगतात! मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी घिरटी घालून गेला की थवे उठतात. ते बसेपर्यंत थांबा. जात ओळखता आली नाही तर ‘अनोळखी बदक’ लिहा, अंदाजाने नाव देऊ नका.

प्रश्न : काठच्या झाडीत पाणमांजर आणि बिबट्या टिपायला कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) कसे लावावेत? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : आधी परवानगी. अभयारण्यात अभ्यासासाठीही वन विभागाचा लेखी परवाना लागतो.

बिबट्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा, जमिनीपासून साधारण ४० सेंमी उंच, वाटेपासून तीनेक मीटर. जोडी लागते, कारण दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे असतात. एकाच बाजूचे फोटो असतील तर एक बिबट्या की दोन, हा वाद मिटत नाही. जोडी अगदी समोरासमोर नको, थोडी तिरपी ठेवा. फ्लॅश एकमेकांवर पडतात. भिंग पूर्व-पश्चिम नको, उन्हाने चित्र पांढरे पडते. समोरचे गवत कापा, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचेच हजार फोटो येतील. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ तो लावण्यापूर्वीच तपासा.

पाणमांजराचे अवघड आहे. सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो आणि ओल्या, दाट केसांमुळे पाणमांजराच्या अंगाची ऊब बाहेर फारशी जाणवत नाही. कॅमेऱ्यात आले नाही म्हणजे तिथे नाही, असे नव्हे. त्यापेक्षा काठावरचे खडक पाहा : माशांचे खवले असलेली, उग्र माशाळ वासाची विष्ठा तिथे सापडते. कॅमेरा लावायचाच तर अशा जागी, थोडा खाली आणि व्हिडिओवर.

आकडे मांडताना एकाच प्राण्याचे अर्ध्या तासातले सगळे फोटो एकच नोंद धरा. पाच जागा, वीस रात्री म्हणजे शंभर ट्रॅप-रात्री. नोंदींशेजारी हा आकडा हवाच. बॅटरी संपलेल्या रात्री त्यातून वजा करा.